मशीनला ‘मला दिसलं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे

वाचकाचं पत्र:

ताई, मी २७ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली, पुण्यात बाणेरला एका छोट्या कंपनीत मशीन लर्निंगचं काम करते, सगळे मिळून आम्ही १४ जण. आमचं प्रॉडक्ट असं आहे की शुगरच्या पेशंटच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो हातात धरायच्या कॅमेऱ्याने काढायचा आणि एआय लगेच सांगतं की शुगरमुळे पडदा खराब व्हायला लागलाय का. सध्या तीन तालुक्यांत कॅम्प चालू आहेत. सुरुवातीला शंभरातले बावीस-तेवीस फोटो ‘नीट आला नाही, परत काढा’ म्हणून रिजेक्ट व्हायचे. कॅम्पवाले वैतागले, लाईन अडते म्हणाले, मग सरांनी मला क्वालिटी चेकचा थ्रेशोल्ड, म्हणजे फोटो चालवून घ्यायची किमान पातळी, खाली आणायला सांगितला आणि मी आणला. रिजेक्ट चारवर आले, सगळे खूश. मागच्या महिन्यात मी स्वतः कॅम्पला गेले तर एका आजींचा फोटो नुसता पांढुरका धुरकट आणि खाली हिरव्या अक्षरात ‘आजार आढळला नाही’. आजी म्हणाल्या, बाई, मशीन काय म्हणतंय? आणि मी म्हणाले, सगळं चांगलं आहे आजी. तेव्हापासून मला झोप नाही. सरांशी बोलले, ते म्हणतात रिपोर्टखाली डिस्क्लेमर टाकू, आणि तसंही तिथे या लोकांना बघायला कोण आहे, काहीच नसण्यापेक्षा हे बरं ना. इन्व्हेस्टरला दाखवायच्या डेकवर, म्हणजे प्रेझेंटेशनमध्ये, ९४ टक्के अ‍ॅक्युरसी लिहिलीय, ती काढताना धुरकट फोटो आधीच बाजूला केले होते हे मला माहितीय. घराचा हप्ता माझ्या पगारावर आहे. नोकरी सोडू का? की मीच जास्त विचार करतेय?

उत्तर:

तू मला ताई म्हणालीस म्हणून मी सरळ ‘तू’ म्हणते. जास्त विचार करत नाहीयेस तू, हे आधी सांगते. आणि नोकरीचा निर्णय आज घ्यायचा नाही, त्याच्याकडे नंतर येऊ, कारण आज तू राजीनामा दिलास तर तो थ्रेशोल्ड आहे तिथेच राहणार, कॅम्प चालूच राहणार, आणि तो आकडा का बदलला, कधी बदलला हे नीट माहीत असलेलं माणूस ऑफिसच्या बाहेर गेलेलं असणार.

आता मुद्द्यावर येते. घरातल्या म्हाताऱ्या बाईसमोर चष्म्याशिवाय तांदूळ निवडायला ठेवले तर ती म्हणते, मला दिसत नाही गं, तूच बघ. ती कधीही असं म्हणणार नाही की तांदळात खडे नाहीत. ‘दिसत नाही’ आणि ‘खडे नाहीत’ यातला फरक तिला कुणी शिकवावा लागत नाही. तुमच्या सिस्टममध्ये हा फरक आधी होता, ‘फोटो नीट आला नाही’ हे तिसरं उत्तर होतं, आणि थ्रेशोल्ड खाली आणला तेव्हा ते उत्तर जवळजवळ बंद झालं. मॉडेलला काही दिसलं नाही की आता ते म्हणतं काही नाही. तू एक आकडा बदललास असं तुला वाटतंय, पण प्रत्यक्षात मशीनची खरं बोलायची सोय गेली, आणि मला विचारशील तर एआय जबाबदारीने बनवणं म्हणजे काय याचं बरंचसं उत्तर या एका जागेत आहे. मोठमोठी धोरणं, तत्त्वांचे फलक, सगळं ठीक आहे, पण आपल्या मशीनला ‘मला माहीत नाही’ म्हणता येतं का आणि ते म्हणाल्यावर पुढे माणूस हजर आहे का, हे मी कुठल्याही प्रॉडक्टमध्ये सगळ्यात आधी बघते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढली. एका ठिकाणी अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर औषधाच्या अ‍ॅलर्जीचा रकाना सक्तीचा होता, भरल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. काउंटरवरची मुलं तक्रार करायची, रात्री दोनला अ‍ॅक्सिडेंटचा पेशंट बेशुद्ध येतो, अ‍ॅलर्जी कुणाला विचारायची, आणि तक्रार अगदी खरी होती. म्हणून आम्ही सक्ती काढली. मी काढली, माझ्या हाताने, एका दुपारी, अर्ध्या तासाचं काम. आणि रकाना रिकामा असेल तर वॉर्डच्या स्क्रीनवर काय दाखवायचं हे कुणी ठरवलंच नाही, डिफॉल्ट होता ‘नाही’, तर स्क्रीनवर यायला लागलं अ‍ॅलर्जी: नाही. कित्येक दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बहुतेकांना खरंच अ‍ॅलर्जी नसते. एके रात्री पेशंटचा भाऊ सांगत होता याला पेनिसिलिन चालत नाही आणि स्क्रीन सांगत होता नाही, आणि त्या सिस्टरने स्क्रीनपेक्षा भावावर विश्वास ठेवला. तो माणूस तिच्यामुळे वाचला, आमच्या टेस्टिंगमुळे नाही. आजही मला ती अर्ध्या तासाची दुपार आठवते, त्यामुळे तुझी झोप का उडालीय हे मला फार चांगलं समजतं. पण झोप उडणं हे काम नव्हे, आता काम सांगते.

पहिलं, थ्रेशोल्ड परत जागेवर ने, याच आठवड्यात. सर म्हणतील परत तेवीस टक्के रिजेक्ट येणार, लाईन अडणार. बरोबर आहे, त्यांची अडचण खोटी नाही, म्हणून रिजेक्ट झालेल्या फोटोचं पुढे काय करायचं ते बदल. आत्ता तुमचं अ‍ॅप म्हणतं परत काढा, परत काढा, आणि सिस्टर चार वेळा काढून थकते. त्याऐवजी दोनदा प्रयत्न झाला की तिसऱ्यांदा अ‍ॅपने म्हणायचं: फोटोवरून सांगता येत नाही, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. लाईन पुढे सरकते आणि पेशंटला खरं उत्तर मिळतं. हे काही माझं डोकं नाही, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत शुगरवाल्यांच्या पडद्याची तपासणी वर्षानुवर्षं चालू आहे आणि तिथे ज्यांचा फोटो वाचता येत नाही त्यांना स्लिट लॅम्पवर, म्हणजे डॉक्टर दिव्याच्या उजेडात डोळ्याच्या आत बघतात त्या यंत्रावर, तपासायला पाठवतात, ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवत नाहीत.

आणि तू एक गोष्ट लक्षात घे, फोटो धुरकट का येतो? कधी हात हलतो, कधी लेन्सवर बोटाचा ठसा असतो, कधी खोलीत उजेड जास्त असतो, कबूल. पण वयस्कर माणसाचा फोटो सारखा सारखा पांढुरका येत असेल तर बऱ्याचदा कारण मोतीबिंदू असतं, भिंगच गढूळ झालेलं, त्यातून आतला पडदा दिसणार कसा. शिवाय म्हातारपणी बाहुली लहान होते आणि वर्षानुवर्षं शुगर असेल तर ती अंधारातही नीट उघडत नाही. म्हणजे तुझ्या सिस्टमने ज्यांना गाळलं होतं ते नुसते वाईट फोटो नव्हते गं, त्यांत जास्त म्हातारे, जास्त वर्षं शुगर असलेले, डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज असलेले लोक होते, आणि तुम्ही थ्रेशोल्ड खाली आणून नेमक्या त्यांनाच हिरवं अक्षर दिलंत. त्या आजींना कदाचित मोतीबिंदू असेल, तो ऑपरेशनने बराही होतो. मशीन ‘दिसत नाही’ म्हणालं असतं तरी पुरे होतं.

तुम्हाला वाटत असेल ही अडचण तुमच्या छोट्या कंपनीपुरती आहे. अजिबात नाही. गूगलने २०१६ मध्ये याच आजारासाठी मॉडेल प्रसिद्ध केलं, सव्वा लाखावर फोटोंवर शिकवलेलं, त्यातले कितीतरी आपल्याच देशातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलमधले, आणि निकाल तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीचा. मग २०१८-१९ मध्ये थायलंडमध्ये पथुम थानी आणि चिआंग माय भागातल्या ११ क्लिनिकमध्ये ते प्रत्यक्ष वापरून पाहिलं. पहिल्या सहा महिन्यांत १८३८ फोटो गेले आणि त्यातले २१ टक्के सिस्टमने घेतलेच नाहीत. तुझ्या बावीस-तेवीसच्या किती जवळ आहे बघ! काही क्लिनिकमध्ये अंधाऱ्या खोलीची सोय नव्हती, इंटरनेट मधेच जायचं, एकेक फोटो अपलोड व्हायला मिनिट-दीड मिनिट, पेशंटची रांग बाहेर. ज्यांचा फोटो घेतला नाही त्यांना दुसरीकडे दवाखान्यात जा म्हणावं लागायचं, रोजंदारी बुडवून कोण जाणार, तर काही नर्स पेशंटला या प्रयोगात भागच घेऊ नका म्हणायला लागल्या. पण गूगलच्या लोकांनी हे सगळं लपवलं नाही, २०२० मध्ये स्वतःच पेपर लिहून सांगितलं की लॅबमध्ये चाललेलं मशीन दवाखान्यात कुठे अडलं. थ्रेशोल्ड खाली ओढून तो २१ चा आकडा गायब करता आला असता, तुम्ही केलात तसा. तो आकडा तसाच ठेवला म्हणून तर आज तुला मला त्यातून शिकता येतंय.

आता तुमचे ९४ टक्के. भारतातल्या दहा राज्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चाळिशीपुढच्या शुगरवाल्यांपैकी साधारण १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम दिसला आणि साधारण ४ टक्के लोकांची नजरच धोक्यात होती. तर धर तुमच्या कॅम्पला १००० जण आले, त्यातल्या ४० जणांची नजर धोक्यात आहे. मी एक मशीन बनवते ज्यात कॅमेराच नाही, नुसता हिरवा दिवा आहे, प्रत्येकाला म्हणतं चांगलं आहे. माझं मशीन ९६० जणांच्या बाबतीत बरोबर ठरेल. ९६ टक्के अ‍ॅक्युरसी, तुमच्यापेक्षा दोनने जास्त, आणि त्या ४० जणांची नजर जाऊ शकते. म्हणून या कामात एकटा अ‍ॅक्युरसीचा आकडा सांगणं हे मला अप्रामाणिक वाटतं, मुद्दाम केलं असो वा नसो. तीन आकडे वेगळे पाहिजेत: आजार असलेल्या किती जणांना पकडलं, नसलेल्या किती जणांना उगाच घाबरवलं, आणि किती जणांबद्दल काहीच सांगता आलं नाही. हा तिसरा आकडा तुमच्या डेकवर नाही, त्यांना टेस्टसेटमधून, म्हणजे मशीनची परीक्षा घ्यायच्या फोटोंमधून, उचलून बाजूला ठेवलंय. परीक्षेला न बसलेल्या मुलांची नावंच पटावरून काढायची आणि निकाल शंभर टक्के लागला म्हणायचं, तसं झालं हे.

हे नीट करता येतं, करून दाखवलेलं आहे. अमेरिकेत औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने एप्रिल २०१८ मध्ये याच आजारासाठी पहिलं असं एआय मंजूर केलं जे डॉक्टरने फोटो न बघता निकाल देतं, आयडीएक्स-डीआर नावाचं. त्यांची चाचणी साध्या फॅमिली डॉक्टरांच्या १० दवाखान्यांत झाली, ९०० पेशंट, आणि फोटो काढणारी माणसं मुद्दाम अशी घेतली की ज्यांनी आयुष्यात पडद्याचा फोटो काढला नव्हता, त्यांना चार तासांचं ट्रेनिंग दिलं. निकाल छापला तो असा: सौम्यच्या पुढे गेलेला आजार असलेल्यांपैकी ८७.२ टक्के पकडले, नसलेल्यांपैकी ९०.७ टक्के बरोबर सोडले, आणि ९६.१ टक्के लोकांचा वाचता येईल असा फोटो मिळाला. बघ, ८७ ला तुमच्या ९४ ची चमक नाही, पण त्या ८७ वर मी माझ्या आईला पाठवीन आणि तुमच्या ९४ वर नाही पाठवणार, कारण पहिल्यात काय मोजलं ते मला माहीत आहे. आणखी एक, त्या कंपनीने अशी भूमिका घेतली की मशीन स्वतः निकाल देतंय तर चुकलं तेव्हा जबाबदारी आमची, आणि त्यासाठी विमाही काढला. तुमच्या सरांना एकदा विचार, आजींचा निकाल चुकला तर पैसे कोण भरणार? यावर खोलीत शांतता पसरली तर तीही नोंद करून ठेव.

डिस्क्लेमरबद्दल मला राग येतो म्हणून थोडक्यात सांगते. कॅम्पला ऐंशी माणसं रांगेत, सिस्टर एक, रिपोर्टच्या खाली बारीक इंग्रजीत चार ओळी, त्या वाचणार कोण? आजी? आणि वाचल्या तरी वरती मोठ्या हिरव्या अक्षरात ‘आजार आढळला नाही’ लिहिलंय ते खरं मानायचं की खालचं? एकाच कागदावर तुम्ही दोन गोष्टी सांगताय, एक पेशंटला आणि एक वकिलाला. मशीनच्या मेसेजमुळे माणसं गेल्याची गोष्ट फार जुनी आहे, थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं मशीन होतं, १९८५ ते ८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा पेशंटना भयानक जास्त डोस दिला, काही जण त्यात गेले. टेक्ससमधल्या ऑपरेटरला स्क्रीनवर दिसलं काय, तर ‘मालफंक्शन ५४’. त्याचा अर्थ तिला कळेल असा कुठे लिहिलाच नव्हता, असे मेसेज रोजचेच, तर तिने नेहमीसारखं पुढे जायचं बटण दाबलं. आणि बनवणारी कंपनी म्हणत होती आमच्या मशीनकडून जास्त डोस जाणं शक्यच नाही. त्या बाईचा काय दोष गं त्यात. मेसेज असा लिहायचा की दमलेल्या सिस्टरला एका नजरेत कळलं पाहिजे आता मी काय करू, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि ‘सांगता येत नाही’चा रंग हिरवा नको.

आता ‘काहीच नसण्यापेक्षा बरं’. हे वाक्य मी इतक्या मीटिंगमध्ये ऐकलंय आणि ते बोलणारी माणसं वाईट नसतात, तुमचे सरही नसतील, त्यांना चौदा जणांचे पगार दिसत असतील. देशात शुगरचे पेशंट २०२३ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासाप्रमाणे १० कोटींवर आहेत, तालुक्याच्या गावात पडद्याचा डॉक्टर नसतो, मशीनची गरज आहेच, म्हणून तर मी तुला हे प्रॉडक्ट बंद कर म्हणत नाहीये. पण त्या एका आजींपुरतं वाक्य तपासून बघ. हा आजार सुरुवातीला काहीही त्रास देत नाही, ना दुखत ना खुपत, वेळेत कळलं तर लेझर किंवा इंजेक्शनने नजर बरीचशी वाचते, उशीर झाला तर गेलेली परत आणणं अवघड. तपासणी न झालेल्या आजींना माहीत असतं आपली तपासणी झालेली नाही, सून म्हणते एकदा मिरजेला दाखवून येऊ. तपासणी होऊन ‘चांगलं आहे’ ऐकलेल्या आजी वर्षभर कुठे जाणार नाहीत, धुरकट दिसायला लागलं तरी म्हणतील मशीनने बघितलंय की. म्हणजे त्यांच्या बाबतीत काहीच नसतं तर बरं झालं असतं. सरांना हे एवढंच उदाहरण सांग, सगळं तत्त्वज्ञान बाजूला ठेव.

सरांशी बोलताना नुसता प्रॉब्लेम घेऊन जाऊ नकोस, रिजेक्ट खरोखर कमी करायचे मार्ग घेऊन जा, ते आहेत आणि स्वस्त आहेत. शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात कॅम्प असेल तर काळ्या कापडाचा आडोसा करा, पेशंटला पाच मिनिटं अंधारात बसू द्या, बाहुली आपोआप मोठी होते. लेन्स पुसायचं कापड प्रत्येक किटमध्ये ठेवा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप वापरायचे का हे तुमच्या डोळ्याच्या डॉक्टरांना ठरवू दे, ते तुझं माझं काम नाही. आणि तुझ्याकडे लॉग, म्हणजे सिस्टमने ठेवलेल्या नोंदी, आहेत, तर रिजेक्ट कुणाचे झाले याचा तक्ता काढ, वयाप्रमाणे, कॅमेऱ्याप्रमाणे, फोटो काढणाऱ्या माणसाप्रमाणे, गावाप्रमाणे. मला वाटतं त्यात एखादा कॅमेराच खराब निघेल किंवा एखाद्या नव्या मुलीला कुणी नीट शिकवलेलंच नसेल, असं फार वेळा निघतं. साठीच्या पुढचे जास्त गळत असतील तर तुमचा आकडा साठीच्या आतल्यांचा आहे, तसा डेकवर लिहा. त्याशिवाय ‘आजार आढळला नाही’ आलेल्यांपैकी दर दहावा फोटो डोळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्याखालून घालायचा, कायम, लॉन्च झाल्यावरही, आणि त्यात चूक दिसली तर कॅम्प कुणाच्या एका फोनवर थांबणार त्या माणसाचं नाव आधी लिहून ठेवायचं. आधी, कारण नंतर प्रत्येकाला वाटतं थांबवायचं दुसऱ्या कुणीतरी.

कायद्याचं: २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत आणि एप्रिल २०२० पासून निदान करणारं सॉफ्टवेअरही त्यात येतं. तुमचं लायसन्स कुठल्या वर्गात आहे आणि अर्जात टेस्टिंगबद्दल काय लिहिलंय हे विचार, सरळ, मला कागद बघायचाय म्हणून. क्वालिटी चेक बदलणं ही मशीनच्या वागण्यातच केलेली दुरुस्ती आहे, ती कुणाच्या सहीशिवाय एका मेसेजवर व्हायला नको होती. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, ती तुमच्या डॉक्टरांनाही वाचायला दे. ते डॉक्टर तुझे सगळ्यात जवळचे सोबती ठरतील हे लक्षात ठेव, त्यांचं रजिस्ट्रेशन पणाला लागलेलं असतं, आणि त्यांना या थ्रेशोल्डबद्दल बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. सरांकडे दुसऱ्यांदा जाशील तेव्हा त्यांना घेऊन जा. एकटीने दोनदा बोललीस तर ‘ही फार इमोशनल होते’ असं म्हणून विषय मिटवतात, विशेषतः मुलगी असली की, हे मी भोगलंय.

बोललेलं ईमेलवर पण टाक, शांत भाषेत, एक पानभर: काय बदललं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, त्यामुळे काय होतंय, मी काय सुचवतेय. स्वतःच्या नोटा तारखेसकट ठेव. पण पेशंटचे फोटो, नावं, फोन नंबर यातलं काहीही स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, पुरावा म्हणून सुद्धा नाही. तो त्या लोकांचा खाजगी डेटा आहे, तू चांगल्या हेतूने नेलास तरी चोरीच, आणि तुझीच बाजू कमजोर होईल.

नोकरी. थ्रेशोल्ड परत नेला, आकडा दुरुस्त केला, ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना परत बोलावलं, तर तिथेच थांब, अशा ठिकाणी तुझ्यासारखी माणसं आत असणं फार गरजेचं आहे. सर म्हणाले पुढच्या तिमाहीत बघू, तर दुसरी नोकरी आजपासून शोधायला लाग, गाजावाजा न करता, हप्त्याचे पाच-सहा महिने हाताशी येतील असं बघ, आणि तोवर रेटत राहा. पण दोन गोष्टी अशा आहेत की त्यासाठी मी दुसरी नोकरी मिळायची वाट बघायला सांगणार नाही. तुला स्वतःला खोट्या आकड्यावर सही करायला सांगितली, लायसन्सच्या कागदावर किंवा इन्व्हेस्टरसमोर. किंवा आधी तपासलेल्या लोकांना कळवायला साफ नकार दिला. हप्ता थकतो, बँकेशी बोलता येतं, घरी सांगता येतं, माहेरच्यांची दोन बोलणी ऐकून घेता येतात. दुसऱ्याचा डोळा परत आणता येत नाही.

आणि हे तपासलेले लोकच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, मी शेवटी ठेवलं कारण याला धीर लागतो. थ्रेशोल्ड बदलला त्या तारखेपासून आजपर्यंतचे सगळे फोटो जुन्या थ्रेशोल्डवर परत चालव. एका रात्रीचं काम आहे. जे जुन्या नियमाने रिजेक्ट झाले असते आणि नव्या नियमाने हिरवे झाले, ती यादी निघेल. दोनशे असतील, पाचशे असतील, आकडा बघून पोटात गोळा येईल, येऊ दे. ती यादी डॉक्टरांच्या हातात दे आणि फोन त्यांच्याकडून किंवा ज्या केंद्राने कॅम्प लावला तिथल्या सिस्टरकडून जाऊ दे, अनोळखी पुण्याच्या नंबरवरून फोन आला तर लोक ओटीपीवाला समजून ठेवून देतात. आशाताईंना सांगितलं तर त्या घरी जाऊन सांगतील, त्यांना घर माहीत असतं. फोनवर काय बोलायचं ते तू आणि डॉक्टर बसून आधी लिहून काढा, नाहीतर ‘तांत्रिक कारणास्तव’ असलं काहीतरी बोललं जाईल आणि कुणी येणार नाही. मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

“आजी, त्या दिवशी कॅम्पमध्ये तुमच्या डोळ्याचा फोटो काढला होता ना, तो नीट आला नव्हता. मशीनला आतलं दिसलं नाही आणि तरी आम्ही तुम्हाला चांगलं आहे म्हणून सांगितलं, ती चूक आमची. डोळ्यात काही आहे की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून येत्या गुरुवारी डॉक्टर स्वतः बघणार आहेत, पैसे लागणार नाहीत, गाडी पाठवतो, बरोबर घरातलं कुणीतरी आणा, कारण डोळ्यात औषध घातल्यावर दोन-तीन तास धुरकट दिसतं.”

गाडीचा खर्च कंपनीने करायचा. आणि गुरुवारी तू पण जा.